सूखने दो मिस्त्री

लाकडात पाणी आहे की नाही, हे मिस्त्रीजी कानाने ठरवत. उकिडवं बसून मधल्या बोटाच्या पेराने फळीवर दोनदा ठोकायचं, डोळे मिटून ऐकायचं आणि म्हणायचं, "अभी पानी है. सूखने दो." आमची मुलगी नोएडातच वाढलेली. तिने त्यांचं नावच ठेवलं, सूखने-दो अंकल.

बाथरूममधल्या बेसिनखालचं कपाट तळाशी फुगून त्याचे पापुद्रे सुटायला लागले, तेव्हा मी नवं घ्यायच्या तयारीत होतो. मिस्त्रीजींनी वरपासून खालपर्यंत ठोकून पाहिलं. "साहब, पाँव गले हैं, बाकी तो जवान है. पाँव बदल देंगे." मी टेप लावला. एकतीस इंचांपैकी खालचे चार इंच गेले होते. बायको म्हणाली, "मग चार इंचांसाठी अख्खं कशाला टाकायचं?" हिशोब बरोबर होता.

पण ते कामाला हात लावीनात. प्लंबरने बेसिनचा पाइप बदलला, तरी त्यांचा विश्वास बसेना. कपाट बाल्कनीत वाळत घातलं आणि त्यामागच्या भिंतीवर वर्तमानपत्राचा कागद चिकटवला. दर दोन दिवसांनी येऊन ते कागद काढून गालाला लावून बघत. मी प्रत्येक कागदावर तारीख घालून ठेवत असे. पहिले चार कडेला दमट निघाले. पाचवा आणि सहावा कोरडा.

"झालं," मी म्हणालो. त्यांनी छताकडे पाहिलं. "ऊपर वाले कहाँ हैं?"

वरच्या मजल्यावरचं कुटुंब गावाला गेलं होतं.

"उनको आ जाने दो, साहब. वो नहाएँगे, तब दीवार सच बोलेगी."

मला हसू आलं. बायको म्हणाली, "अहो, इतके दिवस थांबलो, आणखी चार दिवस थांबू की." पण शनिवारी माझा भाऊ सहकुटुंब पुण्याहून यायचा होता आणि बाथरूम उघडंबोडकं पडलेलं. "दो काग़ज़ सूखे हैं, मिस्त्रीजी. और क्या चाहिए?" मी आवाज चढवला. "आपका घर है," एवढंच ते म्हणाले आणि त्याच दुपारी त्यांनी खालचे चार इंच नव्या प्लायने जोडून कपाट बसवून दिलं.

वरचे लोक परतले. सतराव्या दिवशी दार अडकायला लागलं. मोजलं, तर मागची फळी चार मिलिमीटर फुगली होती. सोसायटीच्या ॲपवर मी रीतसर तक्रार लिहिली. तारखा, मापं, पट्टी धरून काढलेले फोटो. त्यातला एकही आकडा चुकीचा नव्हता. फक्त एक वाक्य नव्हतं: मिस्त्री थांबा म्हणत होते आणि मी थांबलो नाही. ते मला त्या दिवशी गैरलागू वाटलं होतं.

चाळीस मिनिटांत त्यांचा गेटपास रद्द झाला. आमच्या सोसायटीतल्या अकरा घरांत त्यांचं काम चालू होतं.

पुढच्या आठवड्यात भिंत फोडली, तेव्हा वरच्यांच्या न्हाणीघराचा पाइप आतून झिरपताना सापडला. मिस्त्रींचा गेटपास परत द्या म्हणून मी कमिटीला तीन पत्रं लिहिली. सेक्रेटरी लिफ्टमध्ये भेटले. "छोड़िए न सर, कारपेंटर बहुत मिल जाते हैं."

भिंत वाळल्यावर ती फुगलेली फळी बगलेत धरून मी गेटबाहेर गेलो. मिस्त्रीजी फुटपाथवर पोतं अंथरून बसले होते. त्यांनी फळी घेतली, खराब भाग कापला, नवा तुकडा जोडला, कडा बंद केल्या. तेवढ्या वेळात मी सगळं सांगून टाकलं, न लिहिलेल्या वाक्यासकट. त्यांचा हात थांबला नाही.

"तुम्ही कमिटीला का नाही सांगितलंत, की घाई मी केली?" घाबरल्यामुळे मराठीतच बोललो. मग हिंदीत विचारलं.

"फ़ोन किया था, साहब. बोले, ऑफ़िस में आकर बात करो." त्यांनी रंध्याने गेटकडे खूण केली. "ऑफ़िस अंदर है."

मग फळीवर दोनदा ठोकून त्यांनी डोळे मिटले. "अब सूखी है. ले जाइए."

त्यांना आत येता येत नव्हतं, म्हणून ती फळी मीच बसवली. ती दोन मिलिमीटर तिरकी आहे. महिन्याभराने त्यांचा फोन बंद लागला. गेटसमोरचा चहावाला म्हणाला, "मिस्त्री तो गाँव चला गया. कमरा भी छोड़ दिया."

कपाट धड आहे. मागे मी अजून कागद लावतो, तारीख घालतो. प्रत्येक कागद कोरडा निघतो. ॲपवर माझी तक्रार ‘निकाली’ दिसते. तिच्याखाली गेटपास परत देण्याचा माझा अर्ज आहे, तो ‘प्रलंबित’. आता तो मंजूर झाला, तरी आत यायला कोणी नाही. तरी दर सोमवारी मी तो उघडून बघतो.