मशीन नंबर सतरा

माझा धाकटा भाऊ गरिबांसाठी गातो. गातो म्हटलेलं त्याला आवडत नाही. तो रॅप करतो. घरात तो बबड्या, बाहेर ‘ठिणगी’. ही ठिणगी सकाळी साडेअकराला उठते आणि पहिला चहा अंथरुणातच घेते.

सुरुवात झाली आईच्या कपाटात. बाहेरचा आवाज नको म्हणून कपाटाच्या दारांवर दोन रजया टाकून, आत डोकं घालून तो रेकॉर्डिंग करायचा. तेवढा वेळ घरात पंखा बंद, नळ बंद, कुकर बंद. कष्टकऱ्यांच्या भुकेवरचं कडवं एकदा पाच वेळा चुकलं, त्या दिवशी आम्ही साडेतीनला जेवलो. आई घामानं निथळत म्हणाली, “आत किती उकडत असेल गं त्याला!” या बाईपुढे काय बोलणार?

मी शर्टांच्या कारखान्यात होते. चौदा वर्षं कापडाच्या कडा शिवणाऱ्या ओव्हरलॉकवर, मशीन नंबर सतरा. नंबर पांढऱ्या रंगानं मशीनवरच लिहिलेला. पलीकडे मागचं दार, आग लागली तर पळायचं ते. माल चोरीला जातो म्हणून मालकानं त्याला कुलूप घातलं होतं आणि पुढे कापडाचे गठ्ठे रचले होते. बाकीच्यांना नुसते गठ्ठे दिसायचे. फटीतून कुलूप दिसायचं ते फक्त माझ्या जागेवरून. एकदा जेवताना हे मी बोलून गेले. बबड्याचा घास हातातच राहिला. मला वाटलं, पोरगं माझ्या काळजीनं हललं. कसली काळजी! तो यमक जुळवत होता.

*मशीन नंबर सतरा,*
*पाठीमागं खतरा!*

गाणं वाऱ्यासारखं पसरलं. पानटपरीवर, पोरांच्या फोनवर, शेवटी आमच्या कारखान्याच्या फाटकावर. पंधरा दिवसांत तपासणीवाले आले, गठ्ठे हलले, कुलूप निघालं. त्याच्या गाण्यानं दार उघडलं, हे मी नाकारणार नाही. खोटं का बोला? फक्त त्या उघड्या दारातून पहिली बाहेर पडले ती मी. बातमी कोणी फोडली हे मालकाला शोधावंच लागलं नाही. भावानं पत्ता गाण्यातच दिला होता.

“अरे शहाण्या, खरा नंबर कशाला घातलास?”

“ताई, खरं असल्याशिवाय लोकांना भिडत नाही.”

त्याला भिडण्याची काळजी. नडलं मला.

आठवड्यानं आमची सुपरवायझर घरी आली. बाई मनानं बरी. म्हणाली, “माल घेणारे येतात आणि आधी सतरा नंबर दाखवा म्हणतात. मालकाचं तोंड बघवत नाही. तुझा भाऊ गाणं मोठ्या स्टुडिओत पुन्हा करतोय ना? त्याला म्हणावं, गाणं राहू दे, नंबर तेवढा बदल. सोमवारपर्यंत तुझी जागा मी कोणाला देत नाही.”

मी जन्मात त्याच्यापुढे हात पसरले नव्हते. त्या दिवशी स्टुडिओत जाऊन पसरले. काचेमागे उभी राहून म्हटलं, “बबड्या, अडतीस कर, बेचाळीस कर. तेवढी मशीनंच नाहीत तिथं. कोणाचं काही जाणार नाही.”

“बेचाळीसला जुळतं काय?” तो म्हणाला. मग सोबतचे पोरगे बघताहेत हे त्याच्या लक्षात आलं आणि आवाज चढला. “आज एक शब्द बदलला तर उद्या ते कुलूप परत घालतील, ताई. मी विकला जाणार नाही!” त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. आणि माझा मूर्खपणा बघा, मलाही ते पटलं. घरी येताना मी स्वतःलाच सांगत होते की एवढ्या बायकांच्या जिवापुढे माझी एक जागा ती काय.

सोमवारी सतरा नंबरवर दुसरी बाई बसली. मी आईच्या जुन्या मशीनवर लोकांच्या पँटी आखूड करायला घेतल्या. बबड्यानं माझी नोकरी गेली त्यावर दुसरं गाणं केलं. त्याला बक्षीस मिळालं. मुलाखतीत म्हणाला, ताई माझी प्रेरणा आहे. दूध काढणाऱ्यानं म्हशीला प्रेरणा म्हणावं, तसलं ते.

आणि परवा आई टीव्हीपुढून ओरडली, “अगं ये लवकर, आपला बबड्या!”

बुटांची जाहिरात होती. तीच चाल, तोच ठेका, तेच हातवारे.

*बूट नंबर सात,*
*पायाखाली वाट!*

यमकसुद्धा धड नाही. ज्या यमकासाठी माझी चौदा वर्षं गेली, ते त्यानं एका बुटासाठी मोडलं आणि वर दात काढून हसला.

थोड्या वेळानं त्याचाच फोन आला. आवाजात नुसता आनंद. “ताई, बघितलंस? तू म्हणायचीस ना, नंबर बदल म्हणून? बदलला बघ शेवटी! कंपनीनं बूट दिलेत खोकंभर. तुला एक जोड पाठवू?”

माझ्या मांडीवर कोणाची तरी पँट होती. तोंडातल्या टाचण्या मी एकेक करून काढून ठेवल्या.

“आईला पाठव,” मी म्हटलं. “मला सकाळी कुठं जायचं नसतं.”