बांगडी भरताना गप्प बसू नये

कराडच्या जीनत मणियारकडं बांगड्या भरल्या आणि हात दुखला, असं म्हणणारी बाई पार पाटणच्या बाजारापर्यंत सापडायची नाही. बाईचं ध्यान मनगटाकडं गेलं की हात ताठतो. म्हणून जीनत तिला बोलण्यात गुंतवायची, अंगठ्याचं हाड हळूच आत दाबायची आणि बांगडी चढवायची. "हात ढिला सोड गं, भाकरी थापतीयास का?" ही तिची सुरुवात.

एका बाजारच्या दिवशी रंगूबाईचा हात हातात असतानाच हे वाक्य अर्ध्यावर अडलं. जीनतची जीभ लुळी झाली, बोटं आखडली, हिरव्या बांगड्या वाढल्या. मणियाराच्या घरात बांगडी फुटली असं म्हणत नाहीत.

सांगलीच्या दवाखान्यात कळलं, डोक्यात गाठ आहे. डाव्या बाजूला, बोलणं आणि उजवा हात सांभाळणाऱ्या जागांना लागूनच.

"काढताना हिची वाचा गेली तर?" नवऱ्यानं, यासीननं, विचारलं.

"म्हणूनच आधी नकाशा काढायचा," डॉक्टर प्रियदर्शनी म्हणाल्या. "माणूस नुसता पडून असला तरी मेंदूतले भाग आपसात संधान ठेवून असतात. कुणाचं कुणाशी जुळतं ते मशीन टिपतं. त्यावरून बोलण्याची जागा कुठली, हाताची कुठली, ते उमगतं. तिथं आम्ही जपून राहू. ताईंनी फक्त निवांत पडायचं."

निवांत पडणं जीनतला कुठलं ठाऊक! मशीन ठकठकलं, थांबलं, तिला बाहेर काढलं. चित्र हललं होतं.

"ताई, आत काय करत होता? ओठ हलत होते, बोटंही."

जीनत ओशाळली. "गिऱ्हाईक आलं हुतं, मॅडम."

"हिला झोपंत बी गिऱ्हाईक असतंय," यासीन म्हणाला.

"मनात काहीही येऊ द्या. अंग तेवढं हलवू नका."

दुसऱ्या खेपेला जीनतनं बाजार मोडला आणि मनानंच संगमावर जाऊन बसली. कृष्णा आणि कोयना तिथं समोरासमोर येतात, भिडतात आणि एक होऊन वळतात. ते पाणी ती बघत राहिली. चित्र स्वच्छ आलं. गाठीनं बोलण्याची जागा बाजूला रेटली होती, पण तिचे धागे शाबूत होते. मधून वाट होती.

त्या वाटेनं गाठ निघाली. दुसऱ्या सकाळी जीनतनं डोळे उघडले, पण बोलेना. तिला हाक मारायचा यासीनला धीर होईना. गप्प जीनत त्यानं आजवर पाहिलीच नव्हती.

डॉक्टरांनी आपला हात तिच्या उजव्या हातात दिला. "दाबा बघू."

जीनतनं तो हात धरला, उलटा केला. तिची बोटं अंगठ्याच्या हाडापाशी जाऊन थांबली. ओठ हलले.

"हात... ढिला सोड गं. भाकरी थापतीयास का?"

"अगं, मॅडमना गं म्हणतीस व्हय?" यासीन ओरडला आणि तोंडावर टॉवेल धरून ढसाढसा रडायला लागला.

डॉक्टरांनी हात ढिला सोडला.