ताळेमास्तर आणि जाळ्याचा वाटा

ताळेमास्तरांनी एसटीच्या पाटीवर कधी विश्वास ठेवला नाही. गाडीवर 'कणकवली' असं ढळढळीत लिहिलेलं असलं, तरी ते आधी ड्रायव्हरला विचारत, मग कंडक्टरला आणि आत बसल्यावर शेजारच्या बाईला. तिघांचं उत्तर एक आलं की पिशवी मांडीवर घेऊन डोळे मिटत. कोणी हसलंच तर म्हणत, "एकट्याच्या सांगण्यार ताळो जुळना नाय."

मालवणात आमच्या शाळेत ते गणित शिकवायचे. उत्तर आलं की ते उलट्या बाजूनं करून बघायचं आणि मूळ आकडा परत आला तरच वही मिटायची, हा त्यांचा कायदा. "ताळो केलंस?" हे ते इतक्यांदा विचारत, की त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर उरलं. घरीसुद्धा तीच तऱ्हा. बायकोनं केलेल्या सोलकढीत मीठ आहे की नाही, हे ते स्वतः चाखून झाल्यावर शेजाऱ्यांकडे वाटी पाठवून विचारून घेत. काकी बिचारी कपाळावर हात मारून घ्यायची.

साठ-एकसष्टच्या सुमाराची गोष्ट. मी अकरावीला, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला होते. माझे वडील रापणीवर जात, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढायला, आणि आई बाजारात मासे विकायला बसे. मला कोल्हापूरला सायन्सला जायचं होतं. आईनं सरळ सांगितलं होतं, "कॉलेजात घेतल्यानी तर जा. नाय तर मार्गशीर्षात तुझा लगीन." आई बोलली की बोलली.

आणि गणिताच्या पेपरात नेमकं मासेच आले! तीन कोळ्यांना तीनशे साठ मासे मिळाले, ते तीनास चार आणि चारास पाच अशा प्रमाणात वाटा. मला हसूच फुटलं. वाटे मी लहानपणापासून बघत होते. आमच्याकडे ज्याचं जाळं त्याचा एक वाटा आधी निघतो, मग माणसांचे. मी बाराऐवजी तेरा वाटे केले. एका वाट्याला सत्तावीस मासे आले आणि उरलेल्या नऊ माशांचे तेरा भाग! मी घाबरले. ताळा केला, तीनशे साठ. पुन्हा केला, तीनशे साठच. ताळा जुळतोय म्हटल्यावर उत्तर चुकेल कसं? चौथ्यांदा ताळा करत असताना घंटा झाली आणि शेवटचे दोन प्रश्न कोरेच राहिले.

बाकी विषयांत मला सत्तरच्या आसपास मार्क पडले, गणितात चव्वेचाळीस. कॉलेजचं पत्र आलं, की गणितात पन्नास नसल्यामुळे कला शाखेत प्रयत्न करावा. आईला तर ते पत्र शुभशकुनच वाटलं असावं. मी रडत मास्तरांकडे गेले आणि पेपरात काय झालं ते सांगितलं. ते आधी पोट धरून हसले, मग एकदम गंभीर झाले.

"माझ्या ताळ्यान तुझे मार्क खाल्ल्यान गो! उद्या माझ्यावांगडा कोल्हापुराक चल."

घाट लागला की मास्तरांचं पोट ढवळायचं. फोंड्याच्या घाटात अर्धा डझन लिंबं हुंगत ते माझ्यासाठी आले. प्रिन्सिपॉलांच्या खोलीत मात्र ताठ उभे राहिले आणि माशांचं गणित मांडून कचेरीतल्या शुद्ध मराठीत बोलू लागले.

"साहेब, हिचं उत्तर आमच्या किनाऱ्यावर बरोबर आहे. जाळ्याला वाटा नको? जाळं काय आभाळातून पडतं?"

प्रिन्सिपॉल देशावरचे. त्यांना यात भलतीच गंमत वाटू लागली. "मग होडीचा वाटा?" त्यांनी विचारलं.

"तो हिनं काढला नाही. ही मात्र हिची चूक," मास्तर प्रामाणिकपणे म्हणाले. मला वाटलं, संपलं सगळं!

प्रिन्सिपॉल खो खो हसले. मग एक कागद पुढे सरकवून त्यांनी मला एक गणित घातलं आणि दहा मिनिटं दिली. गणित सुटलं. मी सवयीनं कागद उलटा करून ताळा करायला घेतला, तशी खोली दणाणली.

"ताळो नको गो! दी तो कागद!"

मास्तरांची शुद्ध मराठी घाटापलीकडे पळाली होती. प्रिन्सिपॉलांनी उत्तर पाहिलं, एकवार मास्तरांकडे पाहिलं आणि माझ्या अर्जावर सही केली. पहिल्या सहामाहीत गणितात साठ मिळवायचे, एवढीच अट घातली. मी पुढे एकाहत्तर मिळवले.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर मास्तरांना निरोप द्यायला गेले. माझी राहण्याची सोय लागली होती आणि त्यांना शाळा गाठायची होती. खिडकीशी बसून ते म्हणाले, "तुका एक सांगतंय. कोनाक सांगा नको. माका मॅट्रिकाक गणितात अडतीस होते. तुका माझ्यापेक्षा सहा जास्त."

मला वाटलं, थट्टा करतायत. "मग तुम्ही कॉलेजला गेलाच नाहीत?"

"माझ्यावांगडा विचारूक कोन येवक नाय," ते हसत म्हणाले. गाडी सुटली, आणि ते खिडकीतून हात हलवत राहिले.