काट्यावर दुसरीचं लेकरू

आमचं फोपनार गाव जागेवरच होतं, राज्यच बदललं. आधी नागपूरकडं पाहायचं, मंग म्हणे आता भोपाळकडं पाहा. चार मुलूख जोडून एक राज्य केलं, अन् कोणत्या मुलखातले लोक कसे राहतात, काय खातात, हे सरकारला मोजायचं होतं. गावचा राखणदार कोटवार दवंडी देत गेला, उद्या लेकुरवाळ्या बायांनी मारुतीच्या पारावर यावं, सरकारी बाई विचारपूस करणार अन् लेकरं तोलणार.

तोलणार म्हटल्यावर मी तर पोराला पदराखाली झाकलं.

मी चौथीपर्यंत शिकलेली, लग्न होऊन दोन वर्षं झालेली, अन् मांडीवर माझा पहिला पोरगा. रांगायचं वय, पण रांगतच नव्हता. नुसता पडून बघायचा अन् रडायचा, ते बी हळू. त्याचं उष्टावण व्हायचं होतं. आमच्यात पहिला घास मामानंच भरवायचा, त्याच्याआधी दुधाशिवाय काही द्यायचं नाही. मामा म्हणजे माझा भाऊ, डोईफोडिया गावाला, त्याची कपाशीची वेचणी चालू, येतो येतो म्हणून निरोप धाडायचा अन् यायचा नाही. इकडं माझं दूध कमी पडत होतं. हे मी कोणालाच बोलले नव्हते. आत्याबाईंना तर नाहीच. आत्याबाई म्हणजे माझी सासू, तिच्यासमोर मला शिंक बी यायची नाही. घरात केळीचे घड टांगलेले, अन् त्याच्याच खाली माझं लेकरू भुकेलं, आता बोला.

त्या दिवशी सांजच्याला विहिरीवर एकच गलका. आत्याबाई म्हणाली, "केळी तोलतात, कापूस तोलतात. लेकरू तोलायचं तर नवसाला, गुळात, देवासमोर. असं उघड्यावर तोललं की नजर लागते, लेकरू खुरटतं."

समोरच्या घरची वहिनी म्हणाली, "मंग नाही गेलं तर?"

"तर ते भोपाळवाले लिहितील, फोपनारच्या बायांना लेकरंच नाहीत. अन् तिकडच्या इंदूर-ग्वाल्हेरवाल्या आपल्याला हसतील."

मंग उपाय बी आत्याबाईनंच काढला. नजर लागते ती आईच्या नावानं. आपलं लेकरू दुसरीच्या मांडीवर द्यायचं, नाव दुसरीचं सांगायचं. नजर बसली हुडकत. साऱ्या बायांना ते इतकं पटलं की तिथंच जोड्या ठरल्या, लग्नं ठरवावीत तशा. माझा पोरगा समोरच्या वहिनीला, तिचा मला.

तिचा म्हणजे काय सांगू, भोपळा. दुसऱ्या दिवशी उचलला तर माझ्या कमरेतून कळ निघाली.

पारावर ती बाई खुर्चीवर बसलेली. पांढरी साडी, चष्मा, बोलायची हिंदी. पिंपळाच्या फांदीला काटा टांगला होता अन् त्याला कापडाची झोळी. लेकरू तोलायच्या आधी ती घरचं विचारायची.

"घर में आईना है?"

एक जण म्हणाली, "आहे ना बाई, पण सासू त्याच्यासमोरून हलली तर दिसेल."

"चूल्हा दिन में कितनी बार जलता है?"

"विझला की सांगते."

बाया पदरात तोंड घालून हसत होत्या. ती बाई बी गालातल्या गालात हसत लिहीत होती. मी मात्र घामानं भिजलेली. वहिनीच्या मांडीवर माझा पोरगा, त्याची मान एकीकडं कललेली, अन् मी त्याच्याकडं बघायचं बी नाही, कारण तो माझा नव्हता.

माझा नंबर आला. भोपळा झोळीत बसला तर फांदी कुरकुरली. बाई म्हणाली, "वाह, बढ़िया बच्चा है. माँ की मेहनत दिखती है." मागं बसलेल्या आत्याबाईची छाती अशी फुगली, जसं तिनंच ते पोरगं खाऊ घालून वाढवलं.

मंग वहिनी. माझं लेकरू झोळीत ठेवलं अन् काटा हलला न हलल्यासारखा. बाईनं चष्मा काढला, पुसला, परत बघितलं. हसू गेलं तिचं.

"ये खाता क्या है?"

वहिनी बिचारी आपल्या पोराचं सांगायला लागली. "सगळं खातो बाई. भाकर, वरण, भात. केळी तर दोन-दोन. रात्री उठून बी मागतो."

"इतना खाकर ये हाल है? फिर अंदर कोई बड़ी बीमारी है. आज ही बुरहानपुर ले जाओ, बड़े अस्पताल. सुई लगेगी, देर मत करना."

वहिनी नुसती हो हो म्हणत मान डोलवत होती, तिचं काय जात होतं. पोरगा तर माझा होता. सुई, मोठी बीमारी, अन् हे सगळं दोन केळी खाणाऱ्या लेकराच्या हिशोबानं. मी भोपळा तसाच आत्याबाईच्या मांडीत टाकला अन् पुढं धावले.

"नाही खात तो, बाई. काहीच नाही खात. दूध बी पुरत नाही. तो माझा आहे."

मी पोरगा झोळीतून उचलून छातीशी धरला. बाई म्हणाली, "तुम्हारा? तो वो किसका?"

मंग एकेक बाई खाली बघायला लागली. वहिनीनं भोपळा आत्याबाईकडून घेतला, एकीनं हळूच आपलं लेकरू शेजारणीकडून घेतलं, मंग दुसरीनं, मंग लेकरांची अशी अदलाबदल सुरू झाली की कोटवाराला बी हसू आवरेना. बाईनं कपाळाला हात लावला. मंग माझ्याकडं वळली अन् विचारलं, दूध पुरत नाही तर वरचं काही का देत नाहीत. मी उष्टावणाचं सांगितलं. मामाचं सांगितलं. आत्याबाईकडं पाठ करूनच सांगितलं.

बाई म्हणाली, "मतलब बच्चा बीमार नहीं है, भूखा है," अन् लिहायला लागली. लिहिता लिहिता विचारलं, "किस घर का?"

आत्याबाई उठली. मला वाटलं, आता माझं काही खरं नाही. पण ती माझ्याकडं बघतबी नव्हती, ती त्या पेनाकडं बघत होती.

"थांब बाई. आमच्या घरचं लेकरू भुकेलं असं भोपाळला जाणार का? सुनेला काय कळतं. याचं उष्टावण कधीच झालं. मीच केलं."

एवढं बोलून तिनं पदराखालून केळं काढलं, सोललं, बोटानं कुस्करलं अन् माझ्या पोराच्या तोंडाला लावलं. त्यानं आधी तोंड वाकडं केलं. मंग जीभ बाहेर काढली. मंग आत्याबाईचं बोटच धरलं दोन्ही हातांनी.

"लिही," आत्याबाई बाईला म्हणाली, "खातो म्हणून लिही," अन् दुसरा घास.

आता सगळी लेकरं पहिल्यापासून तोलायची होती. बाई केव्हाच पाठ फिरवून भोपळ्याला परत झोळीत बसवत होती. आत्याबाईचं तिकडं लक्षच नव्हतं, ती घास भरवत होती. बाई आता बघत नाही, हे मी काही तिला सांगितलं नाही.