यात्रा उद्या, बैलं आज घाटात

राव, आज माझ्याच कोडनं मला दगा दिला.

आमच्या पिंपरी पेंढारला उद्या यात्रेची बैलगाडा शर्यत. गाडामालकांना आपली पाळी मोबाइलवर दिसावी म्हणून मी ॲप बनवलं.

सकाळी मामांचा फोन. आंबेगावहून टेम्पोत बैलं घालून ते थेट घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, हजर. "अरं, हितं कुत्रं सुदिक न्हाई! मला वाटलंच व्हतं उद्या हाय, पण ॲपवर आजची तारीख. म्हनलं, भाचा चुकायचा न्हाई."

लॅपटॉप उघडला. मी उद्याचीच तारीख टाकली होती, म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी आज रात्री बाराची वेळ. पण मोबाइलला पाठवायला तिचं जेसन, म्हणजे साधा मजकूर, होताना, मला न विचारता, ती ग्रीनिचच्या वेळेत बदलली गेली. तिथं तेव्हा आजची संध्याकाळच असते. झाली तारीख आजची! एरर नाही, वॉर्निंग नाही. गुपचूप.

मामांना म्हटलं, "मी बरोबर टाकली होती, मधेच बदलली."

मामांचा आवाज एकदम खाली आला. त्यांना वाटलं, समोरच्या गाड्यावाल्यांनी डाव केला.

"कुनी बदलली? नाव सांग फकस्त."

बैलं आता आमच्या अंगणात बांधलीत. मामा अजून नावाची वाट बघतायत. कुणाचं सांगू?