कुमुदिनीचा आवाज

जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनच्या मराठी मंडळात कुणाचा लॅपटॉप अखेरच्या घटका मोजायला लागला, की तो प्रद्युम्नराव शेजवलकरांकडे यायचा. मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त झालेले हे गृहस्थ त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली चढवायचे आणि वर तासभर लिनक्सचं कीर्तनही ऐकवायचे. वाय-फाय अडलं, तर कुठून तरी ड्रायव्हर, म्हणजे तो भाग चालवणारा छोटा प्रोग्राम, शोधून आणायचे. चालती वस्तू फेकून द्यायला त्यांचा हात धजतच नसे.

त्यामुळे जुन्या विंडोजचे अपडेट बंद झाले, तेव्हा त्यांनी बायकोचाही लॅपटॉप कामाला घेतला. तिच्या भल्यासाठीच तर करत होते.

कुमुदिनीचं सारं शरीर आजाराने लुळं पडलं होतं. वाचाही गेली होती. हलायचे ते फक्त डोळे. पडद्याखाली बसवलेला एक खास कॅमेरा ते डोळे टिपायचा आणि ती ज्या वाक्याकडे पाहील, ते लॅपटॉप मोठ्याने म्हणायचा. तेही तिच्याच आवाजात. बोलता येत होतं तोवर तिने मुलीला, स्पृहाला, शेजारी बसवून शेकडो वाक्यं बोलून ठेवली होती. "भात करपतोय बघा." "स्पृहा, जेवलीस का गं?"

लिनक्स झोकात सुरू झालं. कॅमेरा मात्र ढिम्म. त्याचा लिनक्ससाठी ड्रायव्हर कुणी लिहिलेलाच नव्हता. प्रद्युम्नरावांनी जंग जंग पछाडलं, शेवटी हात टेकले आणि पुन्हा विंडोज घातलं. तिचा प्रोग्राम बसवला. कॅमेरा जागा झाला, पण वाक्यांची जागा रिकामी होती. फोटो आणि कागदपत्रं त्यांनी आठवणीने वेगळी काढली होती. आवाज कुठे साठतो, हे त्यांना ठाऊकच नव्हतं, आणि डिस्क त्यांनी स्वतःच्या हाताने पुसली होती.

त्यांनी स्पृहाला बॉनला फोन लावला.

"बॅकअप? आल्झो... म्हणजे, बाबा, माझ्याकडे नाहीये. सगळं आईच्याच लॅपटॉपवर होतं."

फोन ठेवून ते स्वयंपाकघरात उभ्या उभ्या ओक्साबोक्शी रडले. मग तोंड धुऊन तिच्यासमोर जाऊन बसले.

"कुमुद, तुझी वाक्यं गेली. माझ्या हातून गेली."

कुमुदिनी पडद्यावरचं एकेक अक्षर न्याहाळून वाक्य जुळवू लागली. फार वेळ लागत होता. तिचं बोलणं मध्येच तोडायची त्यांची जुनी खोड उफाळून आली.

"पाणी हवंय? उशी सरकवू?"

तिने डोळे घट्ट मिटले. नाही. पुन्हा पहिल्यापासून अक्षरं. अखेर लॅपटॉपमधून कुणा परक्या बाईचा सपाट आवाज आला, "अहो, माझा लॅपटॉप होता तो. मला विचारायचं होतंत."