लालसू मट्टामी आणि नऊ मिलिमीटरचा बोर

लालसू मट्टामी आमच्या वर्कशॉपात कोणालाच आवडत नव्हता, आणि त्यालाही आमच्यातलं कोणी आवडत नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो. पुढे कुठे मी त्याची बाजू घेतल्यासारखं वाटलं, तर तो माझ्या लिहिण्याचा दोष समजावा. मला लिहिण्याची सवय नाही.

चंद्रपूरच्या एमआयडीसीत पंपांचे आणि कन्व्हेयरचे सुटे भाग करणाऱ्या त्या वर्कशॉपात मी एकतीस वर्षं स्टोअर सांभाळलं. मोजमापाची सगळी साधनं माझ्या ताब्यात असत. प्रत्येक कारागिराला त्याच्या नंबरचे पाच पितळी बिल्ले दिलेले होते. बिल्ला द्यायचा, गेज न्यायचा. गेज परत आणला की बिल्ला परत. बिल्ल्याशिवाय खिडकीतून काही बाहेर जात नसे, आणि या नियमामागे लपून माझी सगळी नोकरी झाली.

लालसू भामरागडकडचा, माडिया आदिवासी. गडचिरोलीच्या आयटीआयतून टर्नर झाला आणि बावीस वर्षं एकाच बोरिंग मशीनवर राहिला. सकाळी आला की कोणाला रामराम नाही. मशीनभोवती खडूनं रेघ मारलेली. तिच्या आत पाय टाकणाऱ्याला तो नुसता पाहायचा, आणि माणूस मागे सरायचा. जेवायच्या सुट्टीत आंबिलीचा डबा घेऊन एकटा बसे. माझ्याकडून गेज नेताना तो माझ्यासमोरच स्वतःच्या फडक्यानं पुसून घ्यायचा. तो मुकाट्यानं पुसे, पण मी घाणेरडा आहे हे त्यातून बरोबर पोचे.

पंपाच्या कव्हरमध्ये पातळ बेअरिंग बसतं, त्या जागेचं काम त्याच्याकडे होतं. व्यास बासष्ट मिलिमीटर, खोली फक्त नऊ, आणि खाली आडवा तळ. म्हणजे बोर, यंत्रानं कोरलेलं ते गोल भोक, आरपार नाही, उथळ ताटलीसारखा. वर जास्तीत जास्त तीस मायक्रॉनची सूट. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

पूर्वी लालसू आत उघडणाऱ्या कॅलिपरनं, बोटांच्या अंदाजावर माप घ्यायचा आणि ते मायक्रोमीटरवर ताडून पाहायचा. मग वर्कशॉपनं डायलचा बोर गेज घ्यायचं ठरवलं. यादीतून तो मी निवडला. पन्नास ते दीडशे मिलिमीटर लिहिलेलं होतं, आपला बोर बासष्टचा, म्हणून मी बोट ठेवलं. गुणवंतरावांनी सही केली. गुणवंतराव भोयर म्हणजे आमचे सुपरवायझर.

त्या गेजवर पहिल्याच शुक्रवारी लालसूची एकोणीस कव्हरं नापास झाली. तपासणीवाल्या पुनम लोनबले यांनी प्रत्येकावर लाल खूण केली. बोर मोठा, कुठे चाळीस मायक्रॉन, कुठे साठ.

लालसू म्हणाला, बोर बरोबर आहे, गेज खोटं बोलतो. गुणवंतरावांनी साऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "लालसूभाऊ, तुमच्या बोटाले सर्टिफिकेट हाय काय?"

"माह्या बोटाले नाई. तुमच्या गेजले हाय ना? मंग त्यालेच विचारा."

लोक हसले ते लालसूला. झाडू नावाचा फिटर म्हणाला की जंगलातले लोक झाडाचा घेर मिठी मारून मोजतात, आता कव्हरालाही मिठी मारा म्हणावं. लालसूनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शनिवारी गुणवंतरावांनी मला त्याचे पाचही बिल्ले काढून घ्यायला सांगितलं. सोमवारपासून तो मागच्या आवारात लोखंड कापायच्या करवतीवर. बोरिंग मशीन दुसऱ्याला. लालसूनं पाचही बिल्ले खिडकीत एकावर एक ठेवले, शेवटचा जरा जोरात.

खरं सांगायचं तर गेज आला त्याच दिवशी माझ्या मनात शंका आली होती. त्याची मोजणारी टोकं दांड्याच्या अगदी खाली नसतात, थोडी वर असतात. खालचा भाग तळाला टेकला की टोकं बोरच्या तोंडाशीच राहणार, आणि तोंडाशी तर कड तासून उतरवलेली, म्हणजे बोर जरा रुंदच असतो. शिवाय असा गेज आत मागेपुढे झुलवून सगळ्यात लहान आकडा शोधावा लागतो. नऊ मिलिमीटरात तो झुलवायचा कसा? पण निवड माझी, सही साहेबांची. मी गप्प राहिलो. लालसूवर माझा राग होता, म्हणून गप्प राहणं सोपंही गेलं.

सोमवारी जेवायच्या सुट्टीआधी तो खिडकीत आला. करवतीचा काळा चुरा हातभर. म्हणाला, बासष्टची मास्टर रिंग द्या. ही रिंग म्हणजे जाड कडं, आतला व्यास बरोबर बासष्ट. गेज तिच्यात घालूनच शून्यावर लावतात. मी म्हणालो, बिल्ला?

"बिल्ले तुमीच ठेवले ना."

"मग देता येत नाही."

"बापूजी, हा गेज कोनं आनला?"

मी रजिस्टर उघडून पाहू लागलो. पुनमबाई मागे उभ्या होत्या. त्यांनी आपला बिल्ला खिडकीत टाकला आणि रिंग मागितली. लालसूबद्दल त्यांना माया नव्हती; त्यानं एकदा त्यांच्या तोंडावर सांगितलं होतं की लाल पेन आणि अक्कल या वेगळ्या वस्तू आहेत. त्या त्याला म्हणाल्या, "करून दाखवा. नाई जमलं तर हे रोजचं बोलणं बंद करा."

लालसूनं करवतीवरच कापून घासलेली एक चकती खिशातून काढली. सोळा मिलिमीटर जाड, अठ्ठावन्न व्यासाची. ती सपाट टेबलावर ठेवली आणि पंचवीस उंचीची रिंग तिच्याभोवती ठेवली. म्हणजे चकती आत, आणि वर उरली फक्त नऊ मिलिमीटर खोली. हुबेहूब आमचं कव्हर. मग गुणवंतरावांना बोलवायला सांगितलं. ते चिडूनच आले.

"आधी चकतीशिवाय मोजा," लालसू म्हणाला.

गुणवंतरावांनी मोजलं. शून्य. पुन्हा शून्य. मग चकती ठेवून मोजलं. पस्तीस. दुसऱ्यांदा अठ्ठावन्न. तिसऱ्यांदा काटा थांबेचना.

"चकती रिंगले कुठंच लागत नाई. रिंग फुगली काय, साहेब?"

झाडूनं मान वळवली. गुणवंतरावांनी विचारलं की हा गेज कोणी निवडला. पुनमबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही, लालसूनं पाहिलं. मग म्हणालो, मी. व्यास पाहिला, खोली पाहिली नाही. आणि नंतर लक्षात आलं होतं, तेही बोललो नाही.

माझा आवाज इतका बारीक निघाला की गुणवंतरावांनी पुन्हा म्हणायला लावलं.

लालसू म्हणाला, "शनिवारी काऊन नाई बोलले?" आणि करवतीकडे निघाला. गुणवंतरावांनी त्याला थांबवलं, पण माफी मागायला नाही. ते म्हणाले, "गेज चुकीचा हे ठरलं. तुमचा माल बरोबर हे अजून नाई ठरलं. बिल्ले तंवर बापूजीकडंच राह्यतीन."

आणि ते खरंही होतं. म्हणून नवा गेज निवडायला लालसूलाच बसवलं. माल त्याचा, मशीन त्याची, हरला तरी तक्रार नको, असा गुणवंतरावांचा हिशेब असावा. पुढच्या आठवड्यात बुधवारी सकाळी नागपूरहून विक्रेता पेटी घेऊन आला. त्यानं सुरुवातच केली की हा पन्नास ते शंभर, हा साठ ते...

"व्यास नको सांगू. खोली सांग," लालसूनं त्याला तोडलं.

विक्रेत्यानं प्लग गेज, म्हणजे बोरात घालून पाहायचा गोल ठोकळा, काढला. लालसू म्हणाला, हा जातो किंवा नाही जात एवढंच सांगतो, किती चुकलं ते सांगत नाही. मग तीन पायांचा मायक्रोमीटर निघाला. लालसूनं त्याचं खालचं टोक चकतीवर टेकवून पाहिलं. पाय टोकापासून बरेच वर होते. बाजूला. मग टेलिस्कोपिक गेज, जो आत उघडून घट्ट करतात आणि बाहेर काढून मोजतात. त्यात लालसूचा हात कोणी धरू शकलं नसतं. विक्रेता म्हणाला, अनुभवी हाताला हाच बरा.

"माह्या हातात हा मले पाह्यजे ते माप देईल. बाईच्या हातात बाईले पाह्यजे ते. ठेव आत."

पुनमबाईंना राग आला, पण त्यांनी मान हलवली.

शेवटी पेटीच्या तळातून एक ओबडधोबड वस्तू निघाली. आडवी पट्टी, ती कव्हरच्या तोंडावर सपाट बसते, खाली दोन आखूड पाय, बोरमध्ये चार मिलिमीटर उतरतात, कड उतरवलेल्या भागाच्या खाली, वर डायल. झुलवायची गरज नाही, आडवं सरकवून सर्वांत मोठा आकडा घ्यायचा. लालसूनं ती रिंगवर लावली, चकती घालून मोजलं, काढून मोजलं. दोन्ही वेळा शून्य. मग पुनमबाईंच्या हातात दिली. शून्य. मग, मला वाटतं मुद्दामच, झाडूच्या हातात. त्याच्याही हातात शून्य.

"हा घ्या," लालसू म्हणाला.

विक्रेत्याकडून तो नमुना तिथेच ठेवून घेतला आणि एकोणीस कव्हरं मांडली. पुनमबाई मोजत होत्या, मी आकडे लिहीत होतो, लालसू भिंतीशी उभा. सतरा बरोबर निघाली. अकरावं आणि सोळावं खरंच मोठं होतं, एक चाळीस मायक्रॉन, एक बेचाळीस.

गुणवंतराव म्हणाले, "दोन तर निघाले ना."

लालसूनं ती दोन उचलली, हातोडा आणि पंच घेऊन दोन्हींवर फुली ठोकली आणि भंगारात टाकली. "हे माहे," म्हणाला. "सतराबी माहेच होते. ते कोनी म्हनलं नाई."

गुणवंतरावांनी आकड्यांचा कागद माझ्याकडून घेऊन पाहिला. मग म्हणाले की ठीक आहे, सोमवारपासून मशीनवर या.

"सोमवार काऊन? आज बुधवार हाय."

तो माझ्या खिडकीशी आला आणि हात पुढे केला. मी पाचही बिल्ले दिले. मला काही म्हणायचं होतं, पण त्यानं ते फडक्यानं पुसायला सुरुवात केली होती. माझ्या समोरच, एकेक करून. मग जाऊन बोरिंग मशीनवर उभ्या असलेल्या माणसाला हातानंच बाजूला केलं आणि टूल बदलायला घेतलं.

त्यानंतर चार वर्षं, मी निवृत्त होईपर्यंत, तो माझ्याशी कामापुरताही बोलला नाही. बिल्ला ठेवायचा आणि बोटानं दाखवायचा. मी बरोबर वस्तू द्यायचो. एकदाही चुकलो नाही, कारण चुकलो असतो तर तो मला सांगणार नव्हता.